परतीची वाट : चित्रांतील गोंगाट कसा टळतो

(नभोवाणीवरून झालेलें भाषण)

आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं कपाटाच्या तळाशीं चार-सहा जुन्या चित्रफिती पडून असतील. एखादी लग्नाची, एखादी मुंजीची, एखादी आतां हयात नसलेल्या आजोबांच्या सत्तरीची. या फिती चालविणारीं व्हीएचएस पद्धतीचीं यंत्रें १९७६ सालीं जपानांत प्रथम विक्रीस आलीं. आणि तीं बनविणारा शेवटचा म्हणून ओळखला जाणारा फुनाई हा जपानी कारखाना २०१६ च्या जुलै महिन्यांत त्या कामापुरता बंद झाला. फितीवरचा चुंबकीय लेप वर्षागणिक क्षीण होतो, आणि चालतीं यंत्रें दुर्मिळ होत जातात. म्हणून शहाणीं माणसें अशा फिती एका लहानशा पेटीच्या साह्यानें संगणकांत उतरवून घेतात. हें काम बहुधा एकदांच होतें. नंतर मूळ फितीकडे कोणी वळून पाहत नाहीं. अशा वेळीं त्या पेटीनें आपल्या पदरचा गोंगाट चित्रांत मिसळला, तर तो आजोबांच्या चेहऱ्याबरोबर कायमचा नोंदला जातो.

हा गोंगाट पेटीच्या आंत कोठून उत्पन्न होतो आणि तो होऊं नये म्हणून आंतील तांब्याच्या पट्ट्यांची मांडणी कशी करावी लागते, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय कारागिरांचा वाटला तरी त्याच्या मुळाशीं असलेलें तत्त्व साधें आहे, आणि तें विसरल्यामुळें पुष्कळ जाणत्या मंडळींनींहि वर्षानुवर्षें उलटा मार्ग धरला होता.

या पेटींत दोन भिन्न प्रकृतीचे संकेत शेजारीं शेजारीं नांदत असतात. पहिला फितीवरून येणारा चित्रसंकेत. तो सलग असतो. चित्रांतला उजेड जसा कमीअधिक व्हावा तसा त्याचा विद्युद्दाब चढतो आणि उतरतो. अभियंते त्याला अॅनालॉग म्हणतात. त्याचा एकंदर पसारा अवघा एक व्होल्ट. त्यांतले ३०० मिलिव्होल्ट चित्राच्या ओळी जुळविण्याच्या खुणांकडे खर्ची पडतात आणि शुद्ध काळ्यापासून शुद्ध पांढऱ्यापर्यंतच्या साऱ्या छटा उरलेल्या ७०० मिलिव्होल्टांत बसवाव्या लागतात. दुसरा संकेत आंकड्यांचा, म्हणजे डिजिटल. त्याला मधल्या छटा ठाऊकच नाहींत. तो एक तर शून्यावर असतो, नाहीं तर ३.३ व्होल्टांवर, आणि एका स्थितींतून दुसऱ्या स्थितींत तो एक-दोन नॅनोसेकंदांत उडी घेतो. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. तेवढ्या अवधींत प्रकाशाचीहि मजल जेमतेम एक फूट होते.

या दोहोंच्या सीमेवर सलग दाब मोजून त्याचे आंकडे करणारी एक चिप बसलेली असते. तिला आपण परिवर्तक म्हणूं. १९८२ सालीं ठरलेल्या आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार हा परिवर्तक सेकंदाला १ कोटि ३५ लक्ष वेळां दाब मोजतो, आणि आठ अंकी नोंदींत काळें ते पांढरें हें अंतर सुमारें २२० पायऱ्यांत विभागतो. म्हणजे एक पायरी तीन मिलिव्होल्टांहून किंचित् मोठी झाली. शेजारचा आंकडी संकेत मात्र एकाच उडींत ३,३०० मिलिव्होल्ट चढतो, पायरीच्या हजारपट! एका खोलींत तंबोरा जुळविणें चाललें असावें आणि भिंतीपलीकडे तांबटांनीं भांडीं ठोकावयास घ्यावीं, तसला हा शेजार आहे.

येथें कोणी अशी शंका काढील कीं, जुन्या फितीच्या चित्रांत मूळचीच इतकी खरखर असते, तींत पेटीनें एक-दोन पायऱ्यांची भर घातली तर काय बिघडलें? शंका रास्त आहे. परंतु डोळ्याचा स्वभाव लक्षांत घेतला म्हणजे तिचें उत्तर मिळतें. फितीची खरखर अनियमित असते. ती भुरभुर पडणाऱ्या बर्फासारखी दिसते, क्षणोक्षणीं बदलते, आणि डोळा तिची सरासरी काढून तिच्यापलीकडे पाहूं शकतो. पेटींतून येणारा गोंगाट बहुधा नियमबद्ध असतो. तो पट्ट्यांच्या, रेघांच्या, जाळीच्या रूपानें उमटतो. नियमबद्ध आकृति शोधून काढण्यांत मनुष्याचा डोळा इतका तरबेज आहे कीं, खरखरीच्या मानानें पुष्कळच मंद अशी रेघहि त्याला तत्काळ खुपते. शिवाय चित्र संगणकांत सांठवितांना तें संक्षिप्त करावें लागतें, आणि त्या संक्षेपाच्या वेळीं अशा रेघांना चित्राचाच भाग समजून त्यांवर जागा खर्च केली जाते. तेवढी खऱ्या चित्राच्या वांट्यास कमी येते.

या आकृतींचा एक लाभहि आहे. वैद्य जसा नाडीवरून रोग ओळखतो, तसा जाणता कारागीर रेघांच्या ठेवणीवरून गोंगाटाचें उगमस्थान ओळखतो. घरांतील वीज सेकंदाला ५० आंदोलनें करते आणि आपल्याकडील पाल पद्धतीचें चित्रहि सेकंदाला ५० अर्ध्या चित्रांनीं बनतें. म्हणून रुंद, आडवे, फिके-गडद पट्टे हळूहळू वरखालीं सरकतांना दिसले तर दोष घरच्या विजेचा. चित्राच्या ओळी सेकंदाला १५,६२५ असतात. गोंगाटाचीं आंदोलनें या संख्येच्या बरोबर पटींत असलीं, तर प्रत्येक ओळींत तीं त्याच ठिकाणीं पडतात आणि चित्रांत उभ्या, निश्चल रेघा उमटतात. उदाहरणार्थ, सेकंदाला साडेबारा लक्ष आंदोलनें म्हणजे ओळीच्या संख्येच्या ८० पट. ओळीचा ६४ पैकीं सुमारें ५२ भाग पडद्यावर दिसतो, म्हणून अशा ६५ रेघा डोळ्यांस पडतील. असा दोष बहुधा चित्राशींच बांधलेल्या आंकडी भागाचा असतो. पट नेमकी जुळत नसेल, तर रेघा तिरप्या होतात आणि वाहत जातात. तेव्हां वीज पुरविणाऱ्या, स्वतःच्याच वेगानें चालणाऱ्या भागाकडे संशयाचें बोट जातें.

आतां हा गोंगाट एका भागांतून दुसऱ्या भागांत जातो कसा, तें पाहूं. आपल्या घरांत पाणी आणणाऱ्या नळाची काळजी सर्वजण घेतात. वापरलेलें पाणी मोरीवाटे कोठें जातें याचा विचार मोरी तुंबेपर्यंत कोणी करीत नाहीं. विजेच्या बाबतींत हीच चूक फार महाग पडते. वीज एका टोकाकडून निघून दुसऱ्या टोकाला संपत नाहीं. जेवढा प्रवाह निघाला तेवढा सगळा उगमाकडे परत आलाच पाहिजे. संकेत नेणारी तांब्याची पट्टी नकाशांत ठळक दिसते. परतीचा प्रवाह मात्र ज्याला कारागीर ग्राउंड म्हणतात अशा सामाईक तांब्यांतून येतो, आणि तें सामाईक तांबें सर्वत्र शून्य दाबाचें आहे असें गृहीत धरून नकाशा आंखला जातो. वस्तुतः शून्य दाबाचें तांबें जगांत कोठेंहि नाहीं. तीहि एक मोरीच आहे. एकाच्या घरचें पाणी तिला फार झालें, कीं तें शेजाऱ्याच्या उंबऱ्याशीं तुंबतें.

हें तांबें कसें असतें? पूर्वीं रेडिओच्या पेटींत तारांचें जंजाळ असे. व्हिएन्नांत जन्मलेल्या आणि लंडनमध्यें काम करणाऱ्या पॉल आयस्लर या अभियंत्यानें १९३६ च्या सुमारास तारांऐवजीं पुठ्ठ्यासारख्या फळीवर तांब्याच्या पातळ पट्ट्या ठेवून एक रेडिओ तयार केला. आजच्या सर्किट बोर्डाचा तो पूर्वज होय. आजच्या बोर्डावरील तांबें साधारणतः एका मिलीमीटरच्या अठ्ठाविसाव्या भागाइतकें, म्हणजे ३५ मायक्रॉन जाड असतें. पाव मिलीमीटर रुंद आणि २५ मिलीमीटर लांब अशा पट्टीचा रोध सुमारें एक-विसांश ओहम भरतो. तिच्यांतून १०० मिलिअँपिअर प्रवाह परत येत असेल, तर तिच्या दोन टोकांत ५ मिलिव्होल्टांचा फरक पडतो. चित्रसंकेतानें हीच पट्टी परतीसाठीं वापरली, तर त्याचें माप दीड पायरीनें चुकलें म्हणून समजावें.

परंतु रोध हा या कथेंतला लहान खलनायक आहे. मोठा खलनायक म्हणजे तारेचें विद्युत्-जडत्व, ज्याला शास्त्रज्ञ प्रेरकत्व म्हणतात. भरधांव टांगा जसा एकाएकीं थांबत नाहीं, तसा तारेंतील प्रवाह एकाएकीं बदलूं इच्छीत नाहीं; त्याला बदलावयास लावलें तर तो दाबाचा धक्का देतो. परिवर्तकाच्या आठ आंकडी तारा एकदम पालटल्या, प्रत्येकींत ५ मिलिअँपिअर प्रवाह दोन नॅनोसेकंदांत सुरू झाला, आणि या सर्वांची परत वाट एक सेंटीमीटर लांबीची बारीक, एकाकी पट्टी असली, तर तिच्या दोन टोकांत सुमारें २०० मिलिव्होल्टांचा धक्का बसतो. म्हणजे साठांहून अधिक पायऱ्या! एका सेंटीमीटर तांब्याचा हा प्रताप.

यावरचा उपाय असा कीं, परतीसाठीं बारीक पट्टी न ठेवतां बोर्डाचा एक संपूर्ण थर अखंड तांब्याचा ठेवावयाचा. चार थरांच्या बोर्डांत वरखालीं संकेतांच्या पट्ट्या आणि मधल्या दोन थरांपैकीं एक ग्राउंडचा अखंड पत्रा, अशी योजना सामान्यतः असते. आतां या विस्तीर्ण पत्र्यांतून प्रवाह कोणत्या वाटेनें परततो? मंद गतीचा प्रवाह सर्वत्र पसरतो. परंतु अति वेगानें बदलणारा प्रवाह, ज्या पट्टीवाटे तो गेला, तिच्या बरोबर खालून, तिची सांवली असावी तसा परततो. कारण जाण्याची आणि येण्याची वाट जितकी जवळ, तितकें दोहोंचें मिळून जडत्व कमी. पट्टी आणि पत्रा यांमध्यें पाव मिलीमीटरचें अंतर असेल, तर पट्टीच्या दोन्ही बाजूंस पाऊण-पाऊण मिलीमीटरच्या आंतच परतीचा ८० टक्के प्रवाह सांपडतो. तात्पर्य, वाट मोकळी ठेवली तर वेगवान प्रवाह आपण होऊनच शिस्तीनें वागतो.

हें तत्त्व नीट उमजलें नाहीं, म्हणून एक लोकप्रिय पण घातक रूढि पडली. अॅनालॉग आणि डिजिटल यांचें पटत नाहीं ना, मग त्यांचे पत्रेच निराळे करा, असें ठरवून पुष्कळ अभियंते पत्र्याच्या मधोमध एक चीर पाडीत आणि दोन्ही तुकडे एका अरुंद पुलानें कोठें तरी जोडीत. भाऊबंदकींत वाड्याच्या चौकांत भिंत घालतात, त्यांतलाच हा प्रकार. भिंत उठते; पण विहीर, मोरी आणि माळ्यावरचा जिना सामाईकच राहतात, आणि मग पाण्याच्या घागरी रस्त्यावरून वळसा घालून आणाव्या लागतात. परिवर्तकाचे आंकडे तर चीर ओलांडून पलीकडे गेलेच पाहिजेत. वरची पट्टी चिरेवरून सरळ जाते. तिच्या खालची सांवली मात्र चिरेच्या कांठाशीं अडते आणि पुलापर्यंत वळसा घेऊन मग परत येते. जाण्यायेण्याच्या वाटांमध्यें असें मोठें वेटोळें तयार झालें, कीं तें आकाशवाहकाचें काम करूं लागतें. आपला गोंगाट तें आसपास फेंकतें आणि दुसऱ्यांचा ओढून घेतें. ज्या दोषावर औषध म्हणून चीर पाडली, तोच दोष चिरेनें दुणावतो. हेन्री ऑट या अमेरिकन अभियंत्यानें या रूढीविरुद्ध आग्रहानें लिहिलें, आणि बहुतेक ठिकाणीं पत्रा अखंड ठेवून केवळ वस्तूंची विभागणी करावी हें मत मांडलें. आज जाणत्या मंडळींत तेंच मान्य झालें आहे.

विभागणी म्हणजे भिंत नव्हे, शिस्त. चांगल्या घरांत स्वयंपाकघर, माजघर आणि ओसरी यांच्या जागा ठरलेल्या असतात. जोडे घालून कोणी देवघरांत शिरत नाहीं. तसेंच बोर्डावर चित्रसंकेताचें प्रवेशद्वार एका कडेला, स्मृति आणि गणन करणाऱ्या चिपा विरुद्ध कडेला, आणि परिवर्तक बरोबर मधल्या उंबऱ्यावर बसवावा. त्याचें सलग तोंड सलग भागाकडे आणि आंकडी तोंड आंकडी भागाकडे असावें. सलग संकेताची एकहि पट्टी आंकडी भागांतून जाऊं देऊं नये, आणि आंकडी पट्टी सलग भागांत शिरूं देऊं नये. एवढें पथ्य पाळलें तर प्रत्येकाची सांवली आपापल्या अंगणांतच राहते. परिवर्तकाच्या पायांवर सलग ग्राउंड आणि आंकडी ग्राउंड अशीं दोन नांवें छापलेलीं असतात, त्यांनीं फसून जाऊं नये. तीं नांवें चिपेच्या आंतील तारा कोठें जातात एवढेंच सांगतात. बाहेर तीं दोन्ही त्याच एका पत्र्याला, अगदीं जवळ, जोडणें हेंच बहुधा हितावह असतें.

दुसरें पथ्य काळाचें. परिवर्तक केव्हां मोजावें हें एका घड्याळ-स्पंदावरून ठरवितो. चित्रांतील बारीक तपशील सेकंदाला ५० लक्ष आंदोलनांपर्यंत जातो. असा पूर्ण उंचीचा संकेत सर्वांत चढत्या जागीं एका नॅनोसेकंदांत ११ मिलिव्होल्ट चढतो. म्हणजे घड्याळाचा ठोका एका नॅनोसेकंदानें मागेंपुढें झाला, तर माप तीन पायऱ्यांहून अधिक चुकतें. दाब अगदीं बरोबर आहे, पण तो भलत्याच क्षणीं मोजला! म्हणून घड्याळाचा स्फटिक परिवर्तकाच्या निकट ठेवावा, त्याची पट्टी आंखूड असावी, तिच्या खालचा पत्रा कोठेंहि फाटलेला नसावा, आणि आंकड्यांच्या पट्ट्या तिला समांतर धांवूं देऊं नयेत.

तिसरें पथ्य पुरवठ्याचें. प्रत्येक चिप ठोक्यासरशीं प्रवाहाचा घोट मागते. तो दूरच्या वीजपुरवठ्याकडून यावयाचा तर वाटेंतल्या जडत्वामुळें उशीर होतो आणि दाब डगमगतो. म्हणून चिपेच्या प्रत्येक पुरवठा-पायाशीं एक-दशांश मायक्रोफॅरडचा चिनी मातीचा लहान कंडेन्सर ठेवतात. दारांतल्या रांजणासारखा त्याचा उपयोग. नळाला पाणी येईपर्यंत तहान भागली पाहिजे. पण रांजण दारांत हवा. चार आळ्या पलीकडे ठेवलेला कितीहि मोठा असला तरी व्यर्थ. पायापासून दोन-तीन मिलीमीटरवर कंडेन्सर आणि तेथूनच पत्र्यांत उतरणारें छिद्र, हें अंतर पाळलें नाहीं तर कंडेन्सर नकाशांत असूनहि बोर्डावर नसल्यासारखा होतो. याच जातीची दुसरी युक्ति म्हणजे आंकड्यांच्या प्रत्येक पट्टीच्या आरंभीं २२ ते ४७ ओहमचा लहानसा रोध घालणें. त्यानें उडीचा तडाखा सौम्य होतो आणि आंकड्यांचें कांहींएक नुकसान होत नाहीं.

हीं पथ्यें सरसकट सर्व ठिकाणीं लागू आहेत, असें मात्र समजूं नये. ज्या वैद्यकीय यंत्राचा रोग्याच्या देहाशीं विजेचा संबंध येतो, तेथें रोग्याच्या सुरक्षिततेसाठीं दोन भाग पूर्णपणें विलग करावेच लागतात; तेथें पूलहि नको आणि चिरेवरून जाणारी पट्टीहि नको, संकेत प्रकाशानें किंवा चुंबकीय मार्गानें पलीकडे पाठवितात. त्याचप्रमाणें अति मंद आणि अति सूक्ष्म मापनांत जाड प्रवाहाला निराळी वाट करून द्यावी लागते, कारण मंद प्रवाह सांवलीसारखा पट्टीखालीं राहत नाहीं, तो पत्रा व्यापतो. नियम पाठ करण्यापेक्षां प्रत्येक प्रवाहाला, तूं परत कसा जाणार, हा प्रश्न विचारणें अधिक उपयुक्त.

गृहस्थाश्रमी श्रोत्यांना या साऱ्याचा प्रत्यक्ष उपयोग काय? पेटी उघडून तांब्याची मांडणी तपासणें आपल्या हातचें नाहीं, पण तिची परीक्षा घेणें सहज शक्य आहे. मोलाची फीत लावण्यापूर्वीं दहा मिनिटें खर्च करावीं. एखाद्या फितीचा केवळ काळा भाग, किंवा चित्रतबकडीच्या यंत्रांतून काळा पडदा, पेटीवाटे नोंदवून घ्यावा आणि संगणकावर त्याचा उजेड वाढवून पाहावा. बर्फासारखी भुरभुर दिसली तर चिंता नको. आडवे सरकते पट्टे दिसले, तर सर्व यंत्रें एकाच फळीवरच्या प्लगांतून चालवून पाहावीं. घराच्या दोन ठिकाणच्या अर्थिंगमधील फरक चित्राच्या तारेंतून वाहतो तो त्यामुळें बहुधा थांबतो. तिरप्या वाहत्या रेघा असल्या तर पुरवठ्याचा अडॅप्टर बदलून पाहावा. उभ्या निश्चल रेघा मात्र कशानेंच जात नसतील, तर दोष पेटीच्या पोटांतला, तांब्याच्या मांडणीचा आहे असें समजावें आणि ती पेटी परत करून दुसरी आणावी. संगणकांत मागाहून अशा रेघा पुसण्याचे उपाय आहेत. पण ते रेघेबरोबर चेहऱ्यावरच्या बारीक सुरकुत्याहि पुसतात.

फीत एकदांच उतरविली जाते. तिच्यांत काय आहे हें जपण्याचें काम आपलें. त्यांत नसलेलें कांहीं मिसळूं न देण्याचें काम त्या दूरच्या अभियंत्याचें, ज्यानें नकाशा आंखतांना जाणाऱ्या प्रत्येक प्रवाहासाठीं परतीचीहि वाट मोकळी ठेवली.